घाटी हलली

सांगली, गुरुवार, रात्रीचे अकरा

प्रिय बाळ्या,

पाकीट बघून दचकू नकोस, नाना आहेत. परवा तुझ्या फोनवर एकेक रिंग होऊन बंद पडलेले दोन कॉल माझेच. तू उचलशील या भीतीनंच कापले. मी बरा आहे, शुगर आहे तेवढीच आहे, हिची पाठ आहे तशीच.

नानांना झटका आल्याला आज चोवीस दिवस. उजवी बाजू लुळी, जीभ जड. मिरजेला ठेवलंय. एवढं तुला ग्रुपवर कळलंच असेल, तिथं हात जोडलेल्या चित्रांचा खच पडलाय. जे ग्रुपवर नाही ते लिहितो.

तिसऱ्या दिवशी एक स्पीच थेरपिस्ट आली. इचलकरंजीची पोरगी, आपल्या पोरींएवढीच असेल. मला वाटलं, बोलायला शिकवणार. तिनं हात धुतले, ओल्या बोळ्यानं नानांचं तोंड पुसून घेतलं आणि चार बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली, पेटीवर ठेवावीत तशी. पहिलं हनुवटीखाली, दुसरं त्याच्या खालच्या बारक्या हाडावर, तिसरं घाटीच्या, म्हणजे गळ्यावरच्या उंचवट्याच्या वर, चौथं घाटीच्या खाली. दुसऱ्या हातात मोबाईलचं घड्याळ. "आजोबा, आवंढा गिळा. परत. परत गिळा." तीस सेकंद.

तीस सेकंद, बाळ्या. कबड्डीतल्या एका चढाईएवढे.

घाटी एकदा वर आली, तिच्या बोटाखालून सरकून परत जाग्यावर बसली. पुढं नुसती थरथर. बॅटरी उतरल्यावर गाडी सेल्फला करते तशी. पोरीनं कागदावर एक लिहिलं. तीनच्या खाली आकडा आला की काहीतरी बिघाड आहे असं धरतात. परीक्षा जपानी डॉक्टरांनी काढलेली, ना सुई ना यंत्र, बोट आणि घड्याळ एवढंच. तिनंच समजावलं: गिळताना घाटी दोनेक सेंटीमीटर वर आणि जरा पुढं येते, त्याच झटक्यात श्वासनळीवर झाकण पडतं आणि अन्ननळीचं तोंड उघडतं. तेवढा वेळ श्वास बंद. घाटी आळसली की घास वाट चुकतो.

मला हसू आलं. आवंढा गिळला की श्वास तुटतो, हे या माणसानं आपल्याला शिट्टी फुंकून फुंकून शिकवलंय. हरिपूरची मॅच आठव. आपल्या वेळी सगळा खेळ दमावर, घड्याळ नंतर आलं. तू दोघांना मारून मध्यरेषेपासून हातभर लांब, आणि नानांची शिट्टी. "दम गेला." तू माती फेकलीस, तोंडाला येईल ते बोललास (ते मी अजून घरात सांगितलेलं नाही). नाना म्हणाले, "आवाज फसवतो रे. मी नरड्याकडं बघतो. तुझी घाटी हलली." वर्षभर आमच्या घराची पायरी चढला नाहीस. मला अजून वाटतं तू बाद नव्हतास. पण आपण हरलो असतोच, तो पांड्या पकडीला होता.

तर असो. तोंडानं काही द्यायचं नाही असं ठरलं, नाकातनं नळी घातली. आणि पाचव्या दिवशी पहाटे मी त्यांना चहा दिला.

कोण नव्हतं. मी थर्मास उघडला, वास सुटला. ते बघत होते. नानांनी उभ्या जन्मात मला काही मागितलेलं नाही, आणि त्या पहाटे डावा हात उचलून तोंडाकडं नेला. दोन चमचे दिले. ठसका नाही, खोकला नाही, काही नाही. डोळे मिटून बसले. मी मनात म्हटलं, पोरगी उगाच घाबरवते. पुस्तकी.

सातव्या दिवशी ताप. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया.

ताप उतरल्यावर त्यांनी बेरियम घातलेलं पाणी पाजून एक्सरेचा सिनेमा काढला, मला काचेतनं दाखवला. पाणी जिभेवरून मागं गेलं, घाटी उशिरा उठली, आणि एक बारीक काळी रेघ सरळ श्वासनळीत उतरली. नाना शांत. साधा घसाही खाकरला नाही. झटक्यानंतर तिथली जाणीवच बोथट होते, म्हणून खोकला येत नाही. ही चोरटी गळती बोटाला कळत नाही, बोटाला फक्त घाटी उठली का एवढंच कळतं. म्हणजे मी ज्या शांततेवर चहा पाजला, तीच खोटी होती. आवाज फसवतो म्हणे! अरे, आवाज नसणं त्याहून फसवतं.

मी पोरीला सांगून टाकलं. तिला एकटीलाच. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "काका, चहानंच झालं असं नाही सांगता येणार. ते स्वतःची लाळसुद्धा नीट गिळत नव्हते, लाळेतले जंतूही आत जातात. म्हणून तर दात घासायला सांगते." तेव्हापासून दिवसातून तीनदा मी नानांचे दात घासतो. हातातला ब्रश बघून ते तोंड फिरवतात. मिश्रीवर वाढलेला माणूस.

आता ज्याच्यासाठी पत्र काढलं ते. आक्काच्या वेळी तू शहाळ्याचं पाणी दिलंस. नळी असताना. आणि मी त्या दवाखान्याच्या जिन्यात तुला जे बोललो, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, तुलाही असणार. शिकलेला गाढव म्हणालो, आणि त्याच्या पुढचंही. तू काही बोलला नाहीस. मग आपले फोन दिवाळीपुरते झाले. मी समजत होतो, कामाचा व्याप.

पहाटे साडेतीनला थर्मासचं झाकण हातात घेऊन उभं राहिल्यावर जे होतं, ते त्या जिन्यात मला माहीत नव्हतं. माफी वगैरे लिहिणार होतो, तीन कागद फाडले. हिला अजून सांगितलेलं नाही. धाकट्याला तर नाहीच, तो पुण्याहून येऊन माझा पंचनामा करील. नानांना सांगायचं का? त्यांना सगळं कळतं रे, फक्त शब्द सापडत नाहीत. सांगितलं तर हसतील, की पुढच्या वेळी मागणार नाहीत? दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

घट्ट केलेलं मात्र आता जातं. ताक-पाण्यासारखं पातळ नाही, आंबिलीसारखं. हनुवटी छातीकडं झुकवून, एकावेळी अर्धा चमचा. चहात एक पावडर घालतात, पोस्टर चिकटवायची खळ बरी. पहिल्या चमच्याला नानांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच पावडर शोधून काढली.

आज परत तीस सेकंद झाले. पहिला आवंढा चांगला. दुसरा ओढूनताणून. मग घाटी उठली, बोटापर्यंत आली, रेंगाळली आणि खाली गेली. पोरीनं दोन लिहिलं. नानांनी मान हलवली आणि डाव्या हाताची तीन बोटं वर केली. ती म्हणाली, "आजोबा, तिसरा बोटावरून पार नाही गेला." ते ऐकेनात. तीन बोटं तशीच वर, आणि नजर माझ्याकडं. पंचाचा निर्णय पंचानं मागितला! मी अगदी जवळ उभा होतो, बाळ्या. नव्हता गेला पार. हो म्हणायला काय जात होतं? पण नळी काढायची का नाही हे ठरवताना तो आकडाही बघणार.

म्हटलं, "दोनच, नाना."

बराच वेळ बघत राहिले. मग दोन बोटं मिटली आणि उरलेलं एक माझ्यावर रोखलं, तोंड वाकडं करून. हसले, की शिवी दिली, कळलं नाही.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? पोरीची सीईटी कशी गेली ते कळव. प्लॉटच्या मोजणीला मी तलाठ्याकडं जाऊन आलो नाही, हे वेगळं सांगायला नको.

सोमवारी परत तपासणी आहे, अकरा वाजता. बंगळूरहून रात्रीच्या गाडीनं निघालास तर मिरजेलाच उतर, सांगलीपर्यंत येत बसू नकोस. मी स्टेशनवर असेन.

तुझा,
अव्या