कर्णबधिरांचे धर्मांतर आणि त्यांची भाषा

महोदय,

कर्णबधिरांमध्ये चालणाऱ्या ख्रिस्ती धर्मप्रचाराचा विषय निघाला की आमिष आणि फसवणूक यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. कर्णबधिर मुलांची शिक्षिका म्हणून मला आधी जाणवते ते हे की, प्रचारक सांकेतिक भाषा शिकून येतात आणि घरची माणसे बहुधा ती शिकत नाहीत. गणपतीच्या आरतीला असे मूल इतरांच्या हातांकडे बघून टाळ्या वाजवते. काय चालले आहे असे त्याने विचारले, तर "नंतर सांगते" अशी खूण होते आणि सांगायचे राहून जाते. अशा मुलाला देवाची गोष्ट पहिल्यांदा ज्याने अथपासून इतिपर्यंत सांगितली, त्याचा देव जवळचा वाटला तर नवल नाही.

स्वतः कर्णबधिर असलेले कृष्णवर्णीय अमेरिकी मिशनरी अँड्र्यू फॉस्टर यांनी १९५७ मध्ये घानात शाळा काढली आणि १९८७ मध्ये विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत आफ्रिकेतील अनेक देशांत मिळून तीसवर शाळा उभ्या केल्या. या कामाचे मोल मी कमी लेखणार नाही. आपल्याकडेही कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्याच पुढाकाराने निघाली. मात्र फॉस्टर यांच्या शाळांत अक्षरओळख आणि बायबल एकाच हातून मिळत होते, शिवाय शिक्षणात अमेरिकी सांकेतिक भाषा रुजल्यामुळे घानातील अदामोरोबे गावाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांकेतिक भाषेसारख्या स्थानिक भाषा मागे पडत गेल्या.

ज्या मुलाशी बोलू शकणारी एकच व्यक्ती आहे, त्याने त्या व्यक्तीचा धर्म पत्करला तर त्याला निवड म्हणता येत नाही. शासनमान्य शाळेत पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणाची सक्ती राज्यघटनेच्या कलम २८ नुसार करता येत नाही, आणि वसतिगृहांतही हे कसोशीने पाळले गेले पाहिजे. सज्ञान कर्णबधिराला मात्र कलम २५ चे धर्मस्वातंत्र्य इतरांइतकेच आहे. त्याला ऐकू येत नाही म्हणून तो फसलाच असेल, असे गृहीत धरणे अपमानास्पद आहे. तक्रार झाल्यास त्याचा जबाब नातेवाइकांच्या किंवा मिशनच्या दुभाष्यामार्फत न घेता प्रशिक्षित, त्रयस्थ दुभाष्यामार्फत घ्यावा आणि त्याचे चित्रीकरण करावे. असे दुभाषे प्रत्येक जिल्ह्यात उपलब्ध करून देणे, तसेच पालकांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचे मोफत वर्ग तालुक्याच्या ठिकाणी चालवणे, ही कामे शासनाने तातडीने हाती घ्यावीत.

— एक विशेष शिक्षिका, सातारा