मथळ्यातला 'मूक' गाळावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२३ सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनानिमित्त आपण लेख छापलात. मी सध्या मेलबर्नला मुलाकडे राहतो आणि आपला अंक रोज मोबाइलवर वाचतो. लेख मनापासून आवडला, मथळा मात्र टोचला. 'मूकबधिरांची हातवाऱ्यांची भाषा' असं त्यात छापलं होतं. मी छापखान्यात २६ वर्षं मुद्रितशोधक होतो. 'मूकबधिर' हा शब्द माझ्या हाताखालून किती वेळा गेला त्याला गणती नाही, आणि एकदाही मी त्यावर लाल पेन टेकवलं नाही. म्हणून हे पत्र तक्रारीसारखं वाचू नये.

आमच्या शेजारच्या बाई कर्णबधिर आहेत. गेल्या वर्षी आमची मंडळी महिनाभर हॉस्पिटलात होती, तेव्हा कचऱ्याचे डबे दर आठवड्याला रस्त्यावरून आत आणून ठेवायचं काम या बाईंनी न सांगता केलं. आभार मानायला गेलो आणि दारात नुसता हात जोडून उभा राहिलो. त्यांनी बोटं हनुवटीला टेकवून हात पुढे आणला, आणि माझा हात धरून मलाही तसं करायला लावलं. ऑस्लनमधला माझा पहिला शब्द तो, 'थँक यू'.

ऑस्लन म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कर्णबधिरांची भाषा. जवळच्या नेबरहूड हाऊसमध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजकेंद्रात, नवशिक्यांसाठी आठ बुधवारांचा वर्ग होता, तिथे नाव घातलं. आम्ही अकरा जण होतो. एक नर्स, पाळणाघरातल्या दोन मुली, आणि एक तरुण जोडपं. त्यांच्या बाळाला ऐकू येत नाही हे नुकतंच कळलं होतं. शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मापासून कर्णबधिर. पहिला अर्धा तास दुभाषी होती; ती गेल्यावर बाईंनी फळ्यावर 'आवाज बंद' असं लिहिलं, आणि त्यानंतर वर्ग संपेपर्यंत त्या खोलीत कोणी तोंडाने बोललं नाही.

सुरुवात बोटांवरच्या इंग्रजी अक्षरांपासून होते. उजव्या तर्जनीने डाव्या हाताची बोटं टिपायची: अंगठा म्हणजे ए, तर्जनी ई, मधलं बोट आय, अनामिका ओ, करंगळी यू. (डावखुऱ्यांनी हात उलटे घ्यायचे.) मराठी नावांत 'ए' फार. माझ्या आडनावात तीन आहेत, त्यामुळे तर्जनी पुन्हा पुन्हा अंगठ्यावर यायची. करता येणं जमलं, वाचणं मात्र जमेना. मी प्रत्येक अक्षर पकडायला जायचो आणि शब्द हातचा निसटायचा. बाईंनी ओळखलं. अक्षरं मोजू नका, शब्दाचा आकार बघा, असं त्यांनी दोनतीनदा करून दाखवलं. प्रुफं वाचताना डोळ्यांना नेमकी उलटी सवय लावलेली असते. ती सोडायला मला पाच बुधवार लागले.

एका ठिकाणी मात्र मराठी कामाला आली. 'तुझं नाव काय?' हे ऑस्लनमध्ये त्याच क्रमाने येतं, 'काय' शेवटी आणि भुवया आक्रसून. इंग्रजी बोलणाऱ्यांचा 'काय' सारखा पुढे पळायचा. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर. भुवया विसरलात तर प्रश्नाचं साधं विधान होतं. आपल्याकडे प्रश्नचिन्ह गळल्यावर होतं तसंच. हे हातवारे नव्हेत, संपादक महाराज. हे व्याकरण आहे, आणि चुकलं की समोरचा थांबवून दुरुस्त करतो.

या भाषेला इतिहास आहे. १८६० साली सिडनीत थॉमस पॅटिसन आणि मेलबर्नमध्ये फ्रेडरिक रोझ यांनी शाळा काढल्या. दोघेही ब्रिटनहून आलेले, दोघेही कर्णबधिर. म्हणून ऑस्लनचं नातं ब्रिटिश सांकेतिक भाषेशी आहे, अमेरिकेतल्या भाषेशी नाही. सिडनीकडच्या आणि मेलबर्नकडच्या काही खुणा आजही वेगळ्या आहेत, अंक आणि रंगसुद्धा. शब्दकोश १९८९ साली निघाला. २०२१च्या जनगणनेत १६ हजारांहून अधिक लोकांनी घरात ऑस्लन वापरत असल्याचं नोंदवलं.

आता सहाव्या बुधवारचं सांगतो. बाईंनी 'डेफ' ही खूण दाखवली, दोन बोटं कानाला. बोटं कानाशीच थांबतात, तोंडाकडे येत नाहीत. मग त्यांनी एकेकाला विचारलं, तुमच्या भाषेत आम्हाला काय म्हणतात? माझ्या डोक्यात आधी आला तो आपल्या मथळ्यातलाच शब्द. त्याचा अर्थ सांगायचा तर 'मूक'ही सांगावं लागलं असतं, आणि समोर ती बाई दीड तास अखंड बोलत होती. नवऱ्याशी झालेलं भांडण, ट्रामचा उशीर, भूगोलाची परीक्षा, सगळं हातांनी, आम्हाला समजेल इतक्या सावकाश. मी बोटांवर नुसतं 'बधिर' लिहिलं. अर्धा शब्द गाळला आणि मान खाली घातली. ते तरुण जोडपं माझ्याकडे बघत होतं. त्यांचं बाळही उद्या याच शब्दात मोजलं जाणार होतं.

मेलबर्नच्या त्या जुन्या शाळेच्या नावातही 'डेफ अँड डंब' होतं. आता ती व्हिक्टोरियन कॉलेज फॉर द डेफ आहे. आपल्याकडच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऐकण्याचं आणि बोलण्याचं अपंगत्व वेगवेगळं नोंदलं आहे. तेव्हा वृत्तपत्राने ते एका शब्दात बांधायचं कारण नाही. एखाद्या शाळेच्या नोंदणीकृत नावातच 'मूकबधिर' असेल तर ते तसंच छापावं लागेल, हे मला कळतं. पण बातमीच्या आपल्या वाक्यात 'कर्णबधिर' लिहावं, आणि 'हातवाऱ्यां'च्या जागी 'सांकेतिक भाषा'.

प्रत्येक मुद्रितशोधकाच्या टेबलावर काचेखाली लेखनाच्या नियमांचा एक कागद असतो. माझ्या टेबलावर होता, आपल्याकडेही असेल. त्यात एवढी एक ओळ हाताने लिहून घ्यावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
मेलबर्न