जबड्याची ठेवण वेळेत दाखवा

संपादक महोदय,

माझ्या मुलीचा खालचा जबडा मागे होता. ‘लग्नाच्या वेळी तारा लावू,’ असं घरातले म्हणत. बाराव्या वर्षी तिला ट्विन ब्लॉक दिला. काढता-घालता येणारे हे ठोकळे खालचा जबडा पुढे धरून ठेवतात. उपयोग मात्र वाढीच्या वयातच. नंतर जबडा फारच मागे असेल तर बहुधा शस्त्रक्रिया! तारा मोठेपणीही चालतात: दाबाच्या बाजूचं हाड विरतं, ताणाच्या बाजूला नवं भरतं, दात हळूहळू सरकतो. तो परत फिरू नये म्हणून पुढे रिटेनर लागतोच. मुलीच्या शाळेतल्या तपासणीत कीड तेवढी पाहिली. सगळ्याच शाळांत जबड्याची ठेवणही पाहावी, ही कळकळीची विनंती.

– एक आई, सातारा