राऊसडालच्या चित्रातले आभाळ कापू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रकार याकोब फान राऊसडाल याच्यावर पानभर लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. शाळेच्या भिंतीवर लावावा असा मजकूर मराठीत या विषयावर क्वचितच मिळतो. मात्र लेखासोबतचे चित्र पाहून हळहळ वाटली. हार्लेम शहराचा तो देखावा मूळचा ५५.५ सेंटिमीटर उंच आणि ६२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळपास चौकोनी आहे. हेग शहरातल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात तो आहे. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग आभाळाचा. मथळ्याला जागा हवी म्हणून नेमके तेच कापले गेले आणि खाली चर्च, घरे, कुरण अशी आडवी पट्टी उरली. चित्राखालच्या ओळीतही ‘हार्लेमचे चर्च’ एवढेच लिहिले होते. ते चर्च मूळ चित्रात अंगठ्याच्या नखाएवढे आहे. ज्यासाठी हे चित्र रंगवले गेले ते वाचकांपर्यंत पोहोचलेच नाही, म्हणून हे पत्र.

हार्लेमच्या पश्चिमेला समुद्राकडे वाळूच्या टेकड्या आहेत. ओव्हरवेन गावाजवळच्या टेकडीवरून शहराकडे पाहिले की जमीन सपाट पसरलेली दिसते. या जागेवरून राऊसडालने १६७०च्या आसपास इतकी चित्रे केली, की डच लोक त्यांना लाडाने ‘हार्लेमपिएस’, म्हणजे छोटी हार्लेमे, म्हणू लागले. पुढची टेकडी सावलीत आहे. तिच्यामागच्या कुरणावर उन्हाचा पट्टा पडला आहे आणि तिथे पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्या अंथरल्या आहेत. त्यामागची झाडी पुन्हा सावलीत, आणि मग क्षितिजावर सेंट बाव्हो चर्चचे धूड. सावली, ऊन, सावली अशा या आडव्या पट्ट्या आल्या कुठून? वरच्या ढगांतून. जमिनीवरच्या प्रत्येक उजेडाला आभाळातली फट जबाबदार आहे. आभाळ कापले की खालचे ऊन पोरके होते, आणि चित्र नुसता नकाशा वाटू लागते.

त्या पांढऱ्या पट्ट्यांबद्दल लेखात ‘शेतातील पाण्याचे पाट’ असे आले आहे. ते लिननचे कापड आहे. हार्लेमचा हा मोठा धंदा होता आणि परदेशातूनही कापड तिथे धुलाईला येई. कोरे कापड मळकट करड्या रंगाचे असते. ते राखेच्या क्षारयुक्त पाण्यात भिजवायचे, धुवायचे, गवतावर ताणून अंथरायचे आणि टेकड्यांतून झिरपलेल्या स्वच्छ पाण्याने पुन्हापुन्हा ओले करत ऊन द्यायचे. मग क्षार मारण्यासाठी आंबट ताकात बुडवायचे. असे फेरे कित्येक आठवडे चालत. म्हणून हे दृश्य फक्त उन्हाळ्यातले. चित्र मोठे करून पाहिले तर त्या पट्ट्यांमध्ये मुंगीएवढी माणसे कामाला लागलेली दिसतात.

लिनन ज्या रोपाच्या खोडातून निघते ते रोप म्हणजे आपले जवस. तिकडे धाग्यासाठी उंच वाढणारे वाण, आपल्याकडे बियांसाठी बुटके, पण वनस्पती एकच. राऊसडालच्या एका चित्रात जवस तीनदा आहे: कुरणावर वाळणारे कापड जवसाचे, ज्यावर चित्र काढले तो कॅनव्हास जवसाच्या धाग्याचा, आणि रंग खलले ते तेलही जवसाचे. आपल्याकडे जेवताना जवसाची चटणी ताटात असते, तेव्हा ही ओळख मुलांना सांगायला काहीच खर्च येत नाही.

आता चरित्राविषयी. राऊसडाल ‘अनाथालयात भिकेकंगाल अवस्थेत मेला’ असे लेखात आहे. ही जुनी आणि चिवट चूक आहे. त्याचा काका सालोमन हाही नामांकित निसर्गचित्रकार होता आणि त्याच्या मुलाचे नावही याकोबच. हा चुलतभाऊसुद्धा चित्रकार होता. हार्लेमच्या आश्रयगृहात १६८१ साली ज्याच्यासाठी जागा मागितली गेली तो हा चुलतभाऊ. कागदपत्रांतील नाव सारखे असल्यामुळे त्याचे हाल थोरल्या चित्रकाराच्या खाती जमा झाले, आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी कागद पुन्हा तपासल्यावर गुंता सुटला. सह्या पाहताना एक खूण उपयोगी पडते. काका आणि चुलतभाऊ आडनावात ‘वाय’ हे अक्षर लिहीत, आपला चित्रकार ‘आय’ लिही.

राऊसडालचा जन्म हार्लेमचाच, १६२८ किंवा १६२९चा. वडील इसाक चित्रांच्या चौकटी बनवत आणि चित्रेही काढत. सही आणि सालासह असलेली त्याची पहिली चित्रे १६४६ची, म्हणजे तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा होता. १६४८मध्ये तो हार्लेमच्या चित्रकार संघाचा सभासद झाला. पुढे आम्सटरडॅमला गेला आणि १६५९ मध्ये त्या शहराचा नागरिक झाला. निसर्गचित्रकार मेइंडर्ट हॉब्बेमा हा त्याचा शिष्य. लग्न केले नाही. १६८२च्या मार्चमध्ये त्याला हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमध्येच पुरले, त्याने क्षितिजावर वारंवार रंगवले त्याच चर्चमध्ये. सुमारे सातशे चित्रे आज त्याच्या नावावर मानली जातात. १६५३नंतरच्या चित्रांवर त्याने साल क्वचितच घातले, म्हणून उत्तरायुष्यातल्या चित्रांपुढे ‘सुमारे’ हा शब्द छापणे आवश्यक असते.

‘समोर दिसले तसे जागेवर बसून रंगवले’ हे लेखातले विधानही दुरुस्त व्हायला हवे. तैलरंगाच्या धातूच्या नळ्या १८४१ साली निघाल्या. राऊसडालच्या काळात रंग दगडावर घोटून, तेलात खलून ताजा करावा लागे. म्हणून बाहेर फक्त काळ्या खडूने रेखाटन, फार तर त्यावर करड्या पाण्याचा हात, आणि रंगकाम घरी. घरी आल्यावर राऊसडाल दृश्य बदलत असे, आणि बेधडक बदलत असे. जर्मनीच्या सरहद्दीवरचा बेंटहाइम किल्ला त्याने १६५०च्या सुमारास पाहिला. तो किल्ला जेमतेम उंचवट्यावर आहे. डब्लिनच्या संग्रहालयातील १६५३च्या चित्रात मात्र त्याखाली झाडीने भरलेला चांगला उंच डोंगर आहे. आपला दौलताबादचा किल्ला खरोखरच तसा उभा आहे, त्याला काही वाढवावे लागणार नाही. बेंटहाइमला ती उंची चित्रकाराने बहाल केली. नॉर्वे-स्वीडनकडचे धबधबे त्याने कितीतरी रंगवले, पण तो तिकडे गेल्याचा पुरावा नाही. तिकडे जाऊन आलेला आलार्ट फान एव्हर्डिंगेन हा चित्रकार होता, त्याच्या चित्रांवरून याने ते उचलले. ‘ज्यूंची दफनभूमी’ या प्रसिद्ध चित्रातली थडगी आम्सटरडॅमजवळच्या औडरकेर्कची, अगदी ओळखू येतील अशी. मागचे भग्नावशेष मात्र दुसऱ्याच ठिकाणचे.

यात फसवणूक काही नाही. झाडांच्या बाबतीत तो इतका काटेकोर आहे, की ओक कुठला आणि बीच कुठला हे वनस्पतितज्ज्ञ पानांवरून, खोडावरून सांगू शकतात. प्रत्येक तुकडा खरा ठेवायचा आणि मांडणी आपली करायची, अशी त्याची रीत. निसर्गचित्र शिकवताना नेमके हेच पटवून देणे सर्वांत अवघड जाते.

आभाळाच्या निळ्याचीही एक गोष्ट आहे. लाजवर्द या दगडापासून केलेला अस्सल निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येई आणि फार महाग पडे. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही तोच दगड वापरलेला आहे. बरेच डच चित्रकार त्याऐवजी कोबाल्ट घालून केलेल्या निळ्या काचेची पूड, म्हणजे स्माल्ट, वापरत. ती जाडसर ठेवली तर रंग टिकतो पण हाताला रवाळ लागते, बारीक दळली तर रंग फिका पडतो. शिवाय तेलात काही वर्षांनी काचेतला पोटॅशियमचा अंश निघून जातो आणि निळा करडा होतो. म्हणून त्या काळची काही आभाळे आज आहेत त्यापेक्षा मूळची अधिक निळी होती. जुने चित्र छापताना संगणकावर निळा वाढवण्याचा मोह होतो, पण किती वाढवायचा हे कुणालाच ठरवता येणार नाही, म्हणून हात लावू नये.

मराठवाड्यातली बहुतेक मुले ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, नारळाचे झाड आणि नदी काढतात. परभणी-हिंगोलीच्या मुलाने असा डोंगर आणि नारळ रोज पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेले असते ते सपाट काळे रान आणि त्यावरचे अफाट आभाळ, म्हणजे जवळपास राऊसडालचाच विषय. तेव्हा ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी पद्धत लिहितो.

क्वार्टर इम्पिरियल कागद उभा धरा. त्याची उंची १५ इंच होते, क्षितिजरेषा खालून ५ इंचांवर घ्या. ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या सुमारास, पावसाने उघडीप दिली की ढग सर्वांत चांगले मिळतात. आधी पेन्सिलीने फक्त ढगांचे तळ मारा. कापसाच्या ढिगासारखे ढग वरून कसेही फुगले तरी त्यांचा तळ सपाट असतो, कारण वर चढणारी वाफ ठरावीक उंचीवरच थिजते आणि आसपासच्या सगळ्या ढगांचे तळ जवळपास एकाच उंचीवर राहतात. डोक्यावरच्या ढगाचा तळ रुंद दिसतो, लांबचा अरुंद होत जातो आणि क्षितिजाजवळ नुसत्या आडव्या रेघा उरतात. मुले वरपासून खालपर्यंत सारख्याच मापाचे ढग काढतात, म्हणून आभाळ भिंतीसारखे उभे राहते. माप कमी करत आणले की तेच आभाळ छतासारखे डोक्यावरून मागे जाते.

मग कागद स्पंजाने दोन्ही बाजूंनी भिजवा. नुसती वरची बाजू भिजवली तर आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन मिनिटांत ती सुकते आणि रंगाच्या कडा पडतात. पाण्याची चकाकी जाऊन ओल राहिली की निळा लावा: वर गडद, खाली उतरता, क्षितिजाशी किंचित पिवळा ऑकर. ढगांचे पांढरे म्हणजे कोरा कागद, तिथे ब्रश न्यायचाच नाही. ढगाच्या सावलीसाठी काळा मुळीच वापरू नका, आभाळ धुरकट होते. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून करडा करा. निळा जास्त पडला तर थंड, सिएना जास्त पडली तर उबदार. कुठे रंग जास्त झाला तर ओला असतानाच सुती चिंधीने टिपा, सुकल्यावर चोळू नका, कागदाची लव उठते. शेवटी जमीन. कुठल्या फटीतून ऊन कुठे उतरते ते ठरवा, तेवढाच पट्टा उजळ ठेवा आणि पुढचे काळे रान सावलीत ढकला. सर्वांत जास्त चुकते ते इथे. ढग छान जमतात, पण खाली रान एकसारखे हिरवे भरले जाते आणि वरचा पाऊस-ऊन खाली पोहोचतच नाही.

हार्लेमच्या कुरणासारखाच विषय हवा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये वसमतच्या बाजूला जावे. शिजवलेली हळद काळ्या रानात वाळत घातलेली असते, पिवळे पट्टेच्या पट्टे दूरवर जातात आणि त्यांच्यात माणसे ओणवी होऊन काम करत असतात. त्या दिवसांतले आभाळ धुळीने पांढुरके असते, तेव्हा ढग ओढूनताणून घालू नयेत, ऑकरचा अगदी पातळ हात पुरतो. अवकाळी ढग आले तर मात्र ताडपत्री घेऊन पळणारी माणसे आणि अर्धे झाकलेले पिवळे रान, एवढे एका चित्राला भरपूर आहे.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने राऊसडालच्या चित्रांच्या नकला करून हात बसवला, आणि १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अभ्यास केले. आभाळ हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हे त्याला राऊसडालकडून कळले होते.

आपणांस विनंती, की दुरुस्ती छापताना हार्लेमचे चित्र पुन्हा, पूर्ण छापावे. १६ सेंटिमीटर रुंदी दिली तर उंची १४.३ सेंटिमीटर लागेल. वर्तमानपत्री कागदावर करडा रंग पसरून चिखल होतो, तेव्हा ढगांच्या उजळ कडा तपासून मगच पान छपाईला सोडावे. मथळा चित्राच्या बाहेर घ्यावा. ओळीत ‘हार्लेमचा देखावा, कापड वाळवण्याच्या कुरणांसह, सुमारे १६७० ते १६७५, मॉरित्सहाउस, हेग’ असे यावे. शाळांमध्ये ते पान कापून लावले जाईल, म्हणून त्याच्या मागच्या पानावर गडद जाहिरात नसेल तर अधिक बरे.

आपले,
चित्रकला शिक्षक, परभणी