व्हिसा-फ्री देशांची यादी छापता, मग तारीख पण छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

सुट्ट्या जवळ आल्या की सगळ्याच पेपरांच्या पुरवणीत 'व्हिसाशिवाय फिरा या देशांत' छापाचा लेख येतो, तुमच्याकडे पण येतो. वाचायला मजा येते, फोटो झकास असतात, तक्रार नाही. तक्रार एवढीच की ती यादी कुठल्या सरकारी साइटवर बघितली आणि कधी बघितली हे खाली कुठेच नसतं. माझं कराडला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, सातबारा, पॅन, पासपोर्ट सगळंच चालतं, आणि तुमच्या लेखाचं कात्रण मोबाईलमधे फोटो काढून लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात पेपरात आलंय. पेपरात आलंय म्हटल्यावर पुढे बोलायची सोय नसते हो.

इराणचंच बघा. ४ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी भारतीयांना विमानाने आलं तर १५ दिवस विनाव्हिसा फिरायची सूट दिली, तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या. पुढे काय झालं, नोकरी देतो किंवा तिथून दुसऱ्या देशात पोचवतो असं सांगून एजंट लोकांनी माणसं त्याच सवलतीवर इराणला नेली आणि तिथे त्यातल्या काहींचं अपहरण झालं, खंडणी मागितली. शेवटी २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने साध्या पासपोर्टवाल्यांची ती सूट थांबवली आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याआधी सूचना काढून सांगितलं की विनाव्हिसा नेतो म्हणणाऱ्या एजंटपासून लांब रहा. ही सूचना मंत्रालयाच्या साइटवर होती, फुकट, कुणालाही वाचता येईल अशी. पण २०२४ चा 'इराणला जा विनाव्हिसा' वाला लेख अजून नेटवर तसाच आहे आणि सर्च केला की तोच आधी वर येतो.

थायलंडने तर गंमतच केली. नोव्हेंबर २०२३ मधे ३० दिवसांची सूट दिली ती सहा महिन्यांपुरती, मग वाढवली, मग १५ जुलै २०२४ पासून ६० दिवस केली आणि नंतर वर्षभरात ती कमी करायची चर्चा पण त्यांच्याच सरकारमधे सुरू झाली. म्हणजे एकाच देशाबद्दलचे वेगवेगळे लेख, प्रत्येक जण आपापल्या दिवशी बरोबर, आणि व्हॉट्सॲपवर सगळे एकाच वेळी फिरतायत. परत १ मे २०२५ पासून तिकडे जाण्याआधी एक डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, टीडीएसी म्हणतात त्याला, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. तीन दिवसांत बरं का, महिनाभर आधी नाही.

आणि हे कार्ड फुकट आहे. इथेच खरी लुटालूट चालते. गेल्या मोसमात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या मिसेस दुकानात आल्या होत्या, ग्रुपबरोबर बँकॉक पटाया, त्यांना फक्त प्रिंट पाहिजे होती. मोबाईल बघितला तर माणशी काही हजार रुपये कार्डावरून कापलेले. मी ती साइट उघडली, वर थायलंडचा झेंडा, गरुडाचं चिन्ह, मोठ्या अक्षरात 'ऑफिशियल' सारखाच काहीतरी शब्द, फॉर्म पण अगदी हुबेहूब, आणि पार खाली पांढऱ्यावर फिकट राखाडी बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं की आमचा कुठल्याही सरकारशी संबंध नाही, आम्ही सेवा शुल्क घेतो. सर म्हणाले अहो हीच पहिली आली. बरोबर आहे, पहिली आली कारण ती जाहिरात होती, वर छोटंसं 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं ते कोण वाचतंय. पैसे परत मागायला गेलो तर काय, त्यांनी फॉर्म तर भरून दिलाय, म्हणजे फसवणूक पण म्हणता येत नाही धड, नुसता दिवसाढवळ्या चुना.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड फुकट, मलेशियाचं फुकट, दोन्हीच्या नावाने असली दुकानं उघडलेली आहेत. (सिंगापूरला वर व्हिसा पण लागतो, ते कार्ड म्हणजे व्हिसा नाही, हे मी रोज सांगतो.) व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवर एका एन्ट्रीला २५ डॉलर आहे, पण भलत्या साइटवरून काढणारे त्याच्या दुप्पट तिप्पट देऊन बसतात.

मग ओळखायचं कसं, तर पत्त्याचं शेपूट बघायचं. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी पत्ता जिथे संपतो तिथे आपल्याकडे डॉट जीओव्ही डॉट इन पाहिजे, थायलंडचं डॉट गो डॉट टीएच, जपानचं डॉट गो डॉट जेपी, मलेशियाचं डॉट जीओव्ही डॉट एमवाय. 'गव्ह' हा शब्द मधेच कुठेतरी घुसवला आणि शेवटी डॉट कॉम असलं तर सावध व्हायचं. पण हा नियम पण सगळीकडे चालत नाही ही खरी पंचाईत आहे. जर्मनीच्या दूतावासाच्या पत्त्यात गव्ह नाहीच, डिप्लो डॉट डीई असतं. अमेरिकेच्या व्हिसाची अपॉइंटमेंट घेताना आणि व्हीएफएसकडे (बऱ्याच देशांसाठी व्हिसाचे अर्ज घेणारी खाजगी कंपनी) फाईल देताना पत्ता डॉट कॉमचा असतो आणि तो अगदी खरा असतो, कारण सरकारनेच ते काम बाहेर दिलंय. म्हणून मी आपला एकच रस्ता धरतो, त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाची साइट आधी उघडायची आणि तिथून जी लिंक दिलीय तिच्यावरूनच पुढे जायचं, गुगलमधे 'अमुक देश व्हिसा' टाकून नाही.

अजून एक घोटाळा हल्ली फार बघतो. ब्रिटनच्या सरकारी साइटवर प्रत्येक देशाचं पान आहे, अमेरिकेच्या सरकारी साइटवर पण असतं, माहिती उत्तम असते, दंगल भूकंप साथ सगळं असतं, पण व्हिसाचा भाग त्यांनी त्यांच्या नागरिकांसाठी लिहिलाय. आपला माणूस वाचतो 'व्हिसा लागत नाही' आणि खूश. अहो ते ब्रिटिश पासपोर्टला लागत नाही! गुगलवर आता वरच्या वर जे तयार उत्तर येतं ना, त्यात पण हे कधीकधी असंच कालवलेलं असतं. सुरक्षेसाठी ती पानं जरूर बघा, व्हिसासाठी ज्या देशात जायचंय त्याची साइट आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची. नेपाळला मुक्तिनाथला जाणारे ग्रुप दरवर्षी नुसतं आधार घेऊन विमानाला निघतात, तिथल्या आपल्या दूतावासाच्या साइटवर सरळ लिहिलंय की पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं, लहान मुलं आणि ६५ च्या वरचे सोडले तर.

फिरायला जाणाऱ्याचे चार पैसे जातील, तो चडफडेल आणि सेल्फी काढून परत येईल. कामाला जाणाऱ्या पोरांचं तसं नाही. आमच्या भागातली पोरं गल्फला जातात, वेल्डर, ड्रायव्हर, हॉटेलात, आणि त्यांच्यासाठी मंत्रालयाचं ई-मायग्रेट नावाचं पोर्टल आहे हे दहातल्या एकाला पण माहिती नसेल. त्यावर एजंटचं नाव टाकलं की तो नोंदणीकृत आहे का, परवाना चालू आहे का रद्द झालाय सगळं दिसतं, बोगस एजंटांची वेगळी यादी पण आहे. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात. आणि पोरं लाख दीड लाख देतात, तेही हातउसने काढून. दहावी नापासाच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते, त्याला ठरलेल्या १८ देशांत कामाला जायचं तर मंजुरी लागते, ती घेताना १० लाखाचा विमा दोन वर्षाला २७५ रुपयांत मिळतो. ही कटकट चुकवायला एजंट त्याला व्हिजिट व्हिसावर पाठवतो, मग तिकडे काही झालं तर तो कामगार म्हणून कागदावरच नाही. म्यानमार, कंबोडियात आयटीची नोकरी सांगून पोरांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलं, त्याबद्दल मंत्रालयाने २०२२ पासून इशारे दिलेत. साइटवर आहेत, पण सरकारी इंग्रजीत, आणि वेल्डिंगच्या दुकानात कोण ते उघडून वाचणार.

माहिती नाही असं नाहीच, आहे, ढीगभर आहे, फक्त ती जिथे आहे तिथपर्यंत माणूस पोचत नाही आणि जिथे माणूस आहे म्हणजे तुमच्या पेपरात, तिथे ती अर्धी येते. म्हणून विनंती अशी की असा लेख छापताना खाली एक चौकट टाका, त्यात सरकारी साइटचा पत्ता जसाच्या तसा, स्पेलिंग तपासून, आणि 'ही माहिती अमुक तारखेला बघितली' एवढी ओळ. ब्रिटिश साइटवर प्रत्येक पानाच्या वर तारीख असते की आज हे असंच आहे आणि शेवटचा बदल अमुक दिवशी केला, तेवढंच तुम्ही करा. जागा कमी पडत असेल तर एक फोटो छोटा करा, समुद्राचा फोटो सगळीकडे सारखाच दिसतो. आणि परदेशी नोकरीच्या छोट्या जाहिराती घेताना एजंटचा नोंदणी क्रमांक मागा, नसेल तर जाहिरात घेऊच नका, बुडालं तर तेवढं उत्पन्न बुडेल.

आणि तुमच्या वेब आवृत्तीवर जुन्या याद्या पडून आहेत त्या काढा असं म्हणत नाही, पण त्यांच्यावर 'माहिती जुनी आहे' असा लाल पट्टा तरी टाका. इराणवालीवर आधी.

आपला,
एक ऑनलाइन फॉर्मवाला, कराड