बर्फ एकच, थंडी प्रत्येकाची वेगळी

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्याला बर्फात जायचं आहे, तर सगळ्यांसाठी एकाच जातीची सहा जाडजूड जॅकेटं घ्यायची आणि मोकळं व्हायचं, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मला ते पटलं नव्हतं, पण का पटलं नाही हे बोलताना नीट मांडता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आपण सहाही जण एकाच बर्फात असणार, पण थंडी प्रत्येकाची वेगळी असणार. थोरला नातू धावत सुटेल, लोळेल, घामाघूम होईल. धाकटी तिच्या बाबाच्या छातीशी बांधलेल्या कॅरियरमध्ये असेल, म्हणजे हालचाल जवळजवळ नाहीच. आम्ही दोघं सामान ओढत मुलांच्या मागे फिरत असू. आणि तुम्ही दोघं बराच वेळ एका जागी उभे राहून नातवंडांचा खेळ बघाल. बर्फात सगळ्यात जास्त थंडी वाजते ती नुसतं उभं राहणाऱ्याला. चालणारं शरीर स्वतःच बरीच उष्णता तयार करतं, उभं असलेलं फार थोडी. म्हणून सर्वांत उबदार कपडे तुम्हा दोघांना आणि धाकटीला लागणार आहेत. तसलंच जॅकेट थोरल्याला घातलं, तर थोड्याच वेळात तो आतून ओला होईल आणि मग खरा गारठेल.

कपडा ऊब तयार करत नाही. शरीराने तयार केलेली ऊब तो धरून ठेवतो, आणि तीही मुख्यतः त्याच्यात अडकलेल्या हवेमुळे. थांबलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्यातून ती हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने जाते. त्यामुळे जाडीइतकाच, किंबहुना जाडीआधी, कोरडेपणा बघायचा. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही. ओलं सुती बनियन अंगाला चिकटलं की वर कितीही भारी जॅकेट असलं तरी हुडहुडी भरतेच. आई, तुला अंगाशी सुतीच बरं वाटतं आणि लोकर बोचते, हे मला ठाऊक आहे. पण बोचते ती जाड तंतूची लोकर, साधारण तीस मायक्रॉनच्या पुढची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मेरिनो मेंढीची लोकर बहुतेक वीस मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असते; ती अंगाला मऊ लागते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. तुझ्यासाठी मेरिनोचा पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा असा एक जोड घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. थोरल्याला पॉलिएस्टरचे थर्मल पुरतील. ते झटपट वाळतात आणि तो ते चारदा बदलेल.

हा झाला अंगालगतचा थर. त्याच्यावर ऊब धरणारा, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा. तिन्हींची कामं वेगळी आहेत आणि एकाच जाड जॅकेटकडून ती तिन्ही होत नाहीत. बाबा, तुम्हाला एव्हरेस्टच्या गोष्टी आवडतात. १९२२च्या ब्रिटिश मोहिमेत बाकीचे गिर्यारोहक लोकर आणि ट्वीडमध्ये होते, तेव्हा जॉर्ज फिंच यांनी स्वतःसाठी पिसं भरलेला कोट करून घेतला होता. सोबत्यांनी आधी थट्टा केली आणि वर गेल्यावर हेवा केला. त्या कोटातली मला सगळ्यात हुशारीची वाटते ती गोष्ट म्हणजे बाहेरचं कापड. ते हवाई फुग्यांसाठी विणलेलं होतं, म्हणजे वारा आत न शिरू देणारं. आत हवा धरणारी पिसं, बाहेर वाऱ्याला अडवणारी भिंत. शंभर वर्षं झाली, तरी आपणही तेच करतो आहोत.

मधल्या थरासाठी तुम्हाला आणि आईला पिसांचं जॅकेट, म्हणजे डाऊन, योग्य आहे. वजनाला हलकं, खांद्यांवर ओझं नाही, आणि उभं राहणाऱ्याला हवी तेवढी ऊब. घेताना लेबलावर फिल पॉवरचा आकडा बघा. एवढ्याशा पिसांनी किती जागा फुगून भरते, ते त्यावरून कळतं. ६०० ते ७०० आपल्याला पुरे. पण पिसं भिजली की गोळा होऊन बसतात आणि ऊब जाते, म्हणून त्यावर पाणी अडवणारं जॅकेट हवंच. थोरला बर्फात लोळणार असल्यामुळे त्याला पिसांचं मी घेणार नाही. अमेरिकी लष्कराला भिजल्यावरही ऊब देईल असा पिसांचा पर्याय हवा होता, त्यातून १९८०च्या दशकात कृत्रिम तंतूंचं बारीक भरण तयार झालं. तशा भरणाचं किंवा साधं फ्लीसचं, म्हणजे पॉलिएस्टरच्या मऊ लवदार कापडाचं, जॅकेट त्याला चांगलं. तुमचे जुने जाड लोकरी स्वेटर मात्र टाकू नका, बाबा. मधल्या थराला ते आजही उत्तम आहेत.

वरच्या जॅकेटवर मिलिमीटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तर तोवर पाणी आत येत नाही, असा त्याचा अर्थ. दहा हजारांच्या आसपासचा आपल्याला पुरेसा आहे, पण शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, ते उलटून बघा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. हवा शून्याच्या बरीच खाली असेल तर बर्फ कोरडा भुगा असतो, झटकला की गेला. शून्याच्या आसपासचा बर्फ अंगावर पडून वितळतो, तेव्हा या आकड्याचा कस लागतो. वाऱ्याला मात्र दोन्ही वेळी अडवायचंच आहे. तापमान उणे दहा असताना ताशी तीस किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. हवामानाचा अंदाज बघताना बाबा, नुसतं तापमान बघू नका, वाऱ्याचा आकडाही बघत चला.

आणि मापाचं. सगळे थर अंगात घालून हात वर करून बघायचे, खाली वाकायचं. ओढ बसली तर मोठं माप घ्या. आवळून बसलेल्या कपड्यात हवेला जागाच उरत नाही. चांगली पिसंसुद्धा चेपली की निकामी.

आता जे लिहायला मी खरं बसले आहे ते. वय वाढलं की थंडी शरीराला उशिरा कळते. तरुणपणी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या चटकन आकसून आतली ऊब वाचवतात, कापरं भरून स्नायू उष्णता तयार करतात. हे दोन्ही पुढे मंदावतं. स्नायूही कमी झालेले असतात. बाबा, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या, हातापायांकडचं रक्त कमी होऊन ते गार पडतात. तुमची गोळी कोणती आहे आणि थंडीत काय सांभाळायचं, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नको. ‘मला काही थंडी वाजत नाही’ हे तुमचं नेहमीचं वाक्य या वेळी मी प्रमाण मानणार नाही. मी घड्याळ मानणार आहे. सुरुवातीला अर्ध्या तासाने सगळे आत, मग हवा आणि तुमचे हात बघून पुढचं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याची वाईट गोष्ट अशी की ज्याला होतो त्यालाच कळत नाही. बोलताना जीभ अडखळणं, झिप लावायला बोटं न चालणं, गुंगल्यासारखं होणं, कापरं थांबणं. यातलं काही एकमेकांत दिसलं तर थट्टेवारी नेऊ नका, लगेच मला हाक मारा. आई, तू बाबांवर लक्ष ठेव. बाबा, तुम्ही आईवर.

हातांसाठी बोटाबोटांचे हातमोजे नकोत. चारही बोटं एका पिशवीत एकत्र राहतात तसले मिटन घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ हातमोजा असू द्या, म्हणजे चष्मा पुसायला किंवा फोटो काढायला मिटन काढलं तरी कातडी उघडी पडत नाही. मिटनला दोरी हवी, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात एक जाईल. हवेशी संयोग होऊन लोखंडाची भुकटी तापते अशा ऊबेच्या पुड्या मिळतात. त्या हातमोज्यात ठीक, पण उघड्या कातडीला लावून नाही. आणि बाबा, बुटांत अजिबात नाही. मधुमेहामुळे तुमच्या तळपायांची जाण कमी झाली आहे, भाजलेलं तुम्हाला कळणार नाही. बोट पांढरं, मेणासारखं आणि बधिर झालं तर चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. आत येऊन कोमट पाण्यात धरायचं, आणि पाण्याचा अंदाज दुसऱ्याने घ्यायचा, कारण बधिर बोटाला कळत नाही. तरीही जाण परत आली नाही, तर सरळ दवाखाना.

खर्चाला मर्यादा घालायची असेल तर ती जॅकेटवर घाला, बुटांवर नाही. बर्फाचे बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या ते एका आकड्याने मोठे, आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात पायमोज्यांचे दोन जोड कोंबले तर रक्त अडतं आणि पाय आधीपेक्षा गार पडतात. लोकरीचा एकच जाड जोड घाला, दुसरा कोरडा खिशात ठेवा. अस्तर बाहेर काढून वाळवता येतं असे बूट मिळाले तर सोन्याहून पिवळं. तळवा जाड हवा, कारण उभं राहणाऱ्याची ऊब बर्फ खालून ओढून घेत असतो. बुटांवर ‘उणे तीसपर्यंत’ असं काही लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. चालणाऱ्याचा आणि उभं राहणाऱ्याचा पाय सारखा गार होत नाही. बसायचं झालं तर फोमची चटई बरोबर असेलच, तीच पायांखालीही घालू.

थंडीपेक्षाही मला जास्त भीती घसरण्याची वाटते. आई, तुझे गुडघे लक्षात घेऊन बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या रबरी जाळ्या तुम्हा दोघांसाठी मी मागवते आहे. बर्फावर त्या घट्ट पकड देतात, पण घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याच घसरवतात. दाराशी बसून काढायच्या, उभ्याने नाही, म्हणून दाराशी एक खुर्ची ठेवणार आहे. पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवून, अंग किंचित पुढे. हात खिशात घालून चालायचं नाही. तोल गेला तर तेच सावरतात. दोघांच्या हातात एकेक काठी असेलच.

डोक्यातून अर्धी ऊब निघून जाते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ते खरं नाही. डोकं शरीराच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं, आणि ऊबही जवळपास त्याच प्रमाणात जाते. तरी कानटोपी हवीच, कारण कान आणि नाक सगळ्यात आधी गारठतात. गॉगल विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, ढगाळ दिवशीही डोळे दुखतात. चेहऱ्याला सनस्क्रीन.

धाकटीची काळजी करू नकोस, आई. तिला आमच्यापेक्षा एक थर जास्त असतो, आणि तिला थंडी वाजते का ते हातांवरून नाही, मानेच्या मागे बोट घालून मी बघते. कॅरियरमध्ये तिचे पाय लोंबतात, तेच आधी गार पडतात, म्हणून पायांना वेगळे उबदार बूट. तू विणलेला मफलर फार सुंदर आहे, पण खेळताना मुलांच्या गळ्यात मफलर किंवा टोपीची दोरी अडकून फास बसू शकतो, म्हणून बाहेर दोघांच्या गळ्यात डोक्यातून घालायची लोकरी नळी असेल. तुला जमलं तर त्याच लोकरीची तशी नळी विणून आण ना, थोरल्याला तुझ्या हातचंच हवं आहे. आणि गाडीत बसताना धाकटीचं जाड जॅकेट काढायचं. फुगीर कपड्यावर पट्टा आवळला तरी तो खरा सैलच राहतो, धक्का बसला तर मूल निसटतं. पट्टा लावून झाल्यावर वरून पांघरूण घालायचं. तुम्हाला तेव्हा वाटेल की लेक पोराला उघडं नेते आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता मला तुमच्याकडून हे हवं आहे. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, जाड पायमोजे घालून कागदावर उभे राहा आणि दोन्ही पावलांच्या कडा पेन्सिलीने काढा. एकाचं काढलं की दुसऱ्याचं सारखंच असेल असं धरू नका. स्वेटर घालून छातीचं माप घ्या. गोळ्यांची यादी आणि डॉक्टर काय म्हणाले, ते लिहा. मापं आली की बूट मी इथूनच मागवते, आधी तुमच्याकडे पोहोचतील. ते घरात रोज थोडा वेळ घालून चाला. टाच उचलली जाते का, करंगळी दाबते का, हे तिथेच कळायला हवं. बदलून घ्यायला तेव्हा वेळ हातात असेल.

तुमची लेक