भेदरलेल्या कुत्र्यांना धीराचे घर द्या : ग्रामस्थांना आवाहन

समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात अडकलेली, वाहनाची धडक बसलेली किंवा मालक गाव सोडून गेल्यामुळे मागे राहिलेली कुत्री आपल्या मंडळाच्या निवाऱ्यात येतात. उपचारांनी जखम भरते, भीती मात्र तशीच राहते. सध्या निवाऱ्यात असलेल्या एका तपकिरी कुत्रीच्या गळ्यावरचा फासाचा वळ सुकला आहे. तरीही कुणाच्या हातात दोर दिसला की ती भिंतीला अंग घासत कोपरा गाठते आणि माणसे दूर गेल्याशिवाय भाकरीला तोंड लावत नाही.

अशी कुत्री लोक दयेपोटी घरी नेतात आणि 'माणसाळत नाही' म्हणून आठवडाभरात परत आणून सोडतात. प्रत्यक्षात रुळायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. वयाच्या साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात ज्या पिलाला माणसाची माया मिळाली नाही, त्याला तर अधिकच वेळ द्यावा लागतो. म्हणून पैशाआधी आम्ही आपल्याकडे धीर मागत आहोत.

ज्यांच्या घरी पडवीत किंवा कोठ्यात वर्दळीपासून दूर, बाजेखाली गोधडी अंथरण्याइतकी जागा आहे, त्यांनी काही महिन्यांसाठी एका कुत्र्याचे पालकत्व घ्यावे. खाणे ठरलेल्या वेळी द्यावे, त्याला ओढून बाहेर काढू नये, डोळे रोखून पाहू नये. थोड्या अंतरावर पाठमोरे बसून त्यानेच हुंगायला येण्याची वाट पाहावी. पोटाखाली घेतलेली शेपूट, वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना दिलेली जांभई ही भीतीची लक्षणे आहेत. गुरगुरल्याबद्दल कृपया मारू नये, कारण ती त्याची सूचना असते आणि मार खाऊन गुरगुरणे सोडलेले कुत्रे पुढे सूचना न देताच चावू शकते. वावरात रात्री रानडुकरे आणि रोही हाकलण्यासाठी फटाके वाजतात. त्या आवाजाने नवे कुत्रे पळून जाते, म्हणून सुरुवातीला फाटक बंद ठेवावे.

रेबीजची लस आणि नसबंदी करूनच कुत्रे सोपवले जाईल. हा खर्च मंडळ करते आणि त्यासाठीच देणगीची गरज आहे. रोख रक्कम देताना पावती अवश्य घ्यावी. जुन्या गोधड्या, पसरट भांडी आणि छातीला बांधायचे पट्टेही चालतील.

दिवाळीच्या फटाक्यांआधी या जिवांना घराची सवय व्हावी, यासाठी इच्छुक कुटुंबांनी पोळ्यापर्यंत निवाऱ्यात येऊन नाव नोंदवावे, ही नम्र विनंती.

आपले,
प्राणीमित्र मंडळाचे सर्व सदस्य